धाग्यावरची लव

आमच्या घरी वाती वळायचं काम आजीकडे होतं. शेतातून आलेल्या कापसातली सरकी ती बोटांनीच काढायची, पानाचा कचरा निवडून टाकायची आणि रुई दोन्ही हातांनी ओढून ओढून मोकळी करायची. मग बोटांना जराशी राख लावून चिमूटभर रुई मांडीवर वळायची. बघता बघता वातींची जुडी तयार. मी वळलेली वात मात्र पोटात फुगायची आणि टोकाला सुटायची. "कापूस कमी घे बाप्पा, अन् एकाच अंगानं वळ," एवढंच ती सांगायची.

पुढे कित्येक वर्षांनी ट्राउट माशासाठी खोटी माशी बांधायला बसलो, तेव्हा शिकवणाऱ्याची पहिली दोन वाक्यं हीच होती. लव कमी घ्या. एकाच दिशेने वळा.

गळाच्या दांडीवर पिसं, केस, लोकर आणि धागा बांधून किड्याचं जे सोंग तयार करतात त्याला मासेमारीत माशी म्हणतात. तिचं धड करायची सगळ्यात जुनी आणि आजही सगळ्यात जास्त वापरातली रीत म्हणजे डबिंग. चित्रपटाच्या डबिंगशी या शब्दाचा काही संबंध नाही. बारीक धाग्याला मेण लावायचं, त्यावर प्राण्याच्या लवेची चिमूट बोटांनी वळायची आणि तो केसाळ झालेला धागा दांडीभोवती गुंडाळत न्यायचा. आजीची राख आणि इथलं मेण एकाच कामाची: तंतू बोटांतून निसटू नयेत म्हणून. जेम्स लायझनरिंग हा अमेरिकेतला नावाजलेला माशी बांधणारा तर लव दोन रेशमी धाग्यांच्या मध्ये ठेवून आपल्या पँटच्या मांडीवर वळायचा. त्याचं पुस्तक 1941 सालचं आहे. ते वाचताना मला आमच्या घरातली मांडी आठवली, आणि तेव्हापासून हा विषय मी कापसाच्या बाजूनेच समजून घेत आलो.

यवतमाळ जिल्ह्यात ट्राउट नाही आणि असणारही नाही. तो थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की तो खाणं कमी करतो, आणखी चढलं की जगणं अवघड होतं. आपला मे महिना 45 अंशांना भिडतो. इथे बेंबळा, अरुणावती, पूस, ईसापूरच्या पाण्यात रोहू, कतला, मृगळ, मरळ, वाम यांचं राज्य, आणि गरीला गांडूळ किंवा कणकेची गोळी. ट्राउटची अंडी इंग्रजांनी बोटीने आणली. काश्मीरला 1899 साली पाठवलेली पहिली खेप वाटेतच वाया गेली, 1900 सालची जगली. नंतरच्या दहा वर्षांत निलगिरी आणि कुल्लूच्या ओढ्यांतही तो रुजला. आज महाराष्ट्रातून तिकडे फिरायला जाणारे कितीतरी जण हौसेने गळ टाकतात, आणि त्यांतल्या काहींना ही माशी बांधायची गोडी लागते. हे प्रकरण त्यांच्यासाठी आहे. कापूस ज्यांच्या हाताखालून गेलाय त्यांच्यासाठी तर विशेष आहे, कारण निम्मी विद्या त्यांना आधीच येते.

एक गोष्ट मात्र इथेही पाहता येते. हिवाळ्यात पैनगंगेच्या उथळ, वाहत्या पाण्यातला दगड उलटा करा. खालच्या बाजूला तीन शेपट्यांचे चपटे किडे पळताना दिसतील. ही मेफ्लायची पिल्लं. शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेली बोटाच्या पेराएवढी नळी दिसली तर आत कॅडिसची अळी आहे. हिमालयातला ट्राउट याच जातकुळीच्या किड्यांवर जगतो. असा एक किडा पांढऱ्या बशीत पाण्यासकट घ्या आणि भिंगातून बघा. त्याचं पोट एका रंगाचं नसतं. कडा उजेडात पिवळसर, मध्यावर तपकिरी, बाजूंना हलणाऱ्या कल्ल्यांची झालर, आणि कुठेतरी आतल्या अन्नाची काळी रेघ. जी. ई. एम. स्क्यूज नावाचा लंडनचा वकील पकडलेल्या ट्राउटच्या पोटातला ऐवज एका लांब चमच्याने काढून असाच पाण्याच्या बशीत मोकळा करायचा आणि मग त्यावरून माशी बांधायचा. किड्याला पाण्यात बघायचं, हे त्याचं सांगणं. हवेत बघितलेला किडा आणि दुकानात बघितलेली लव, दोन्ही आपल्याला चुकीचं सांगतात.

धडासाठी लोकर वापरणं पाचशे वर्षांहून जुनं आहे. इंग्लंडात 1496 साली छापल्या गेलेल्या मासेमारीवरच्या एका छोट्या ग्रंथात बारा माश्यांची यादी आहे आणि त्यातली बहुतेक धडं लोकरीची: राखी लोकर, पिवळी लोकर, काळी लोकर. 1676 साली चार्ल्स कॉटन याने आयझॅक वॉल्टनच्या प्रसिद्ध पुस्तकाला दुसरा भाग जोडला. त्यात अस्वलाच्या आणि स्पॅनियल कुत्र्याच्या केसांपर्यंत नाना लवांची वर्णनं येतात. आडनावच कापूस असलेल्या या माणसाने एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती मला या सगळ्या शास्त्राचं मूळ वाटते. तो पाहुण्याला एक काळी दिसणारी चिमूट दाखवतो, मग ती सूर्य आणि डोळा यांच्यामध्ये धरायला सांगतो. तीच चिमूट लालभडक चमकते. लवेचा खरा रंग दुसऱ्या कोणत्याही रीतीने कळत नाही, म्हणून माशी बांधायला लख्ख उन्हाचा दिवस निवडावा, असा त्याचा आग्रह आहे. साडेतीनशे वर्षं झाली, पण रंगीत पाकिटावरचं नाव वाचून लव विकत घेणारे आपण अजून तिथपर्यंत पोचलेलो नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. लव निवडताना रंग शेवटी बघायचा. आधी बघायचं ते हे, की हा तंतू पाण्यात गेल्यावर काय करतो. पाणी पितो की झटकतो, उजेड अडवतो की आत घेतो, निपचित पडतो की ताठ उभा राहतो. आणि मिश्रण करायचं ते एका तंतूला जमत नाही ते दुसऱ्याने भरून काढावं म्हणून.

पाण्यापासून सुरुवात करू. पाण्याची घनता 1 धरली तर पॉलिप्रॉपिलीनची सुमारे 0.91, नायलॉनची 1.14, लोकरीची 1.31, पॉलिएस्टरची 1.38 आणि कापसाची 1.54 येते. यात पाण्याहून हलकं एकच. खताच्या पोत्याचा सुटलेला पट्टीसारखा धागा तांब्यातल्या पाण्यात दाबून सोडा, तो वर येतो, कारण ती पोती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असतात. पण गळाच्या पोलादाची घनता 7.8 आहे. त्यामुळे चिमूटभर हलका तंतू गळाला उचलून धरेल ही आशा करू नये. कोरडी माशी, म्हणजे पाण्याच्या वर राहणारी माशी, तरंगते ती पाण्याच्या पृष्ठताणावर, मानेला गुंडाळलेल्या कोंबड्याच्या ताठ पिसांच्या टोकांवर आणि लवेत अडकलेल्या हवेवर. धडाचं काम इतकंच, की त्याने पाणी पिऊन जड होऊ नये.

इथे कापसाबद्दलचा एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. दोन वाट्यांत पाणी घ्या. एकीत शेतातल्या बोंडाची सरकी काढलेली रुई टाका, दुसरीत औषधाच्या दुकानातला कापूस. दुकानातला काही सेकंदांत तळाला जातो. औषधी कापसाच्या कसोटीत तर तो दहा सेकंदांच्या आत बुडायला हवा अशी अटच असते. शेतातली रुई मात्र कितीतरी वेळ वर पडून राहते. तंतू तोच, सेल्युलोज तेच. फरक आहे तो तंतूवरच्या मेणाच्या अतिपातळ थराचा. झाड तो थर स्वतः देतं, आणि औषधी कापूस करताना तो क्षारात उकळून काढून टाकतात. तो गेला की कापूस पाणी प्यायला लागतो. म्हणून रुईचं धड सुरुवातीला तरंगतं, पण दोनचारदा पाण्यावर आपटलं, एखाद्या माशाच्या तोंडातला चिकट बुळबुळीतपणा लागला, की संपलं. सरावासाठी रुईसारखं दुसरं काही नाही. फुकट आहे, तंतूला जन्मजात पीळ आहे त्यामुळे धाग्याला पटकन धरते, आणि चूक लगेच दिसते. माझ्या पहिल्या पन्नास माश्या रुईच्या होत्या. पाण्यात न्यायच्या माशीसाठी मात्र मी ती वापरत नाही.

लोकरीचं वागणं याच्या उलट आहे आणि ते चटकन पटत नाही. हवेतली वाफ शोषण्यात लोकर कापसाच्या पुढे आहे. 65 टक्के आर्द्रतेला ती आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 16 टक्के ओल धरून असते, कापूस साडेआठ टक्क्यांच्या आसपास. तरी पाण्याचा थेंब तिच्यावरून घरंगळतो. तंतूच्या अंगावर कौलांसारखे खवले असतात, त्यावर स्निग्धता असते. धनगर पावसात घोंगडीची खोळ घेऊन उभा राहतो तेव्हा वरून पाणी निथळत असतं आणि आत डोकं कोरडं असतं, ते यामुळे. धुऊन धुऊन सगळा चिकटपणा काढलेली लोकर हा गुण बराच गमावते. म्हणून कोरड्या माशीसाठी लोकर घ्याल तर साबणात उकळलेली घेऊ नका.

त्याहून सरस लव पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांची. बीव्हर, मस्करॅट यांच्या अंगावर दोन थर असतात. वरचे राठ, लांब केस आणि त्यांच्या बुडाशी दाट, बारीक, नागमोडी लव. ही आतली लव इतकी दाट असते की पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही, मध्ये हवेची गादी राहते. ती गादी आपण गळावर हलवतो. मात्र वरचे राठ केस आधी उपटून टाकावे लागतात. कातडीचा तुकडा चिमटीत धरून केसांची टोकं ओढली की राठ केस सुटून येतात आणि हातात फक्त लव उरते. कापसातून कवडी आणि कचरा निवडायच्या कामासारखंच हे काम आहे, आणि तसाच कंटाळा न करता करायला हवं.

आता उजेड. ओला कपडा गडद का दिसतो? कोरड्या तंतूच्या पृष्ठावरून बराचसा प्रकाश परत फिरतो, विखुरतो, म्हणून तो फिका दिसतो. भोवती हवेऐवजी पाणी आलं की ही परतफेड कमी होते, प्रकाश आत शिरतो आणि तंतूचा मूळ रंग गडद होऊन पुढे येतो. तेल पाण्याहूनही पुढचं काम करतं. भज्यांच्या पुडीचा कागद आठवा. तेल लागलेल्या जागी तो आरपार उजेड देतो. जे. डब्ल्यू. डन हा विमानांचे आराखडे करणारा इंग्रज इंजिनिअर हीच गोष्ट माशीवर घेऊन गेला. त्याच्या लक्षात आलं, की वर तरंगणारा किडा माशाला खालून, आकाशाच्या उजेडाविरुद्ध दिसतो. खऱ्या किड्याचं पोट तिथे दिव्यासारखं उजळतं आणि आपल्या माशीच्या पोटात गळाची काळी दांडी दिसते. डनने दांडीला पांढरा रंग दिला, त्यावर कृत्रिम रेशमाचं धड गुंडाळलं आणि ते पॅराफिन तेलाने भिजवलं. तेल आणि ते रेशीम प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात, त्यामुळे रेशीम जणू विरघळून गेलं आणि मागच्या पांढऱ्या रंगावरून उजेड परत आला. त्याचं पुस्तक 1924 साली निघालं. काळ आणि स्वप्नं यांवरच्या पुढच्या एका पुस्तकामुळे डन जगाला माहीत झाला, पण मला त्याची ही पांढरी दांडी जास्त मोलाची वाटते.

यातून रोजच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. लव पातळ असेल आणि ओली असेल, तर तिच्या आतला धागा दिसतो. त्यामुळे धाग्याचा रंग हा धडाचाच रंग आहे. सशाच्या करड्या लवेखाली पिवळा धागा घाला आणि तीच लव काळ्या धाग्यावर वळा. कोरड्या असताना दोन माश्या बहिणी वाटतील, ओल्या झाल्या की वेगळ्या जातीच्या.

केसांच्या आत काय आहे यावरही उजेड अवलंबून असतो. जाड, राठ लोकरीच्या तंतूत बहुधा पोकळ्या असलेला गाभा असतो. त्या पोकळ्या उजेड विखुरतात, म्हणून तो तंतू खडूसारखा मेलेला दिसतो. दख्खनी मेंढीच्या घोंगडीतले पांढरे राठ केस बघा, ओले करूनही ते चमकत नाहीत. अंगोरा बोकडाच्या केसात, म्हणजे मोहेरमध्ये, हा गाभा जवळजवळ नसतो आणि खवलेही अंगाला चपटे बसलेले असतात. म्हणून मोहेर रेशमासारखा उजळतो. सीलच्या लवेची कीर्ती याच गुणावर उभी होती: ताठ, आरपार, प्रत्येक केसाला स्वतःची चकाकी. धाग्यावर वळायला मात्र ती महाहट्टी. अमेरिकेत 1972 च्या समुद्री सस्तन प्राण्यांच्या कायद्याने तिचा मार्ग बंद झाला, युरोपीय संघाने 2009 साली तिच्या व्यापाराला आळा घातला. आज तिच्या जागी मोहेर आणि चकाकणारे कृत्रिम तंतू येतात. माझ्या मते हे चांगलंच झालं. मोहेरने सीलची उणीव भासू दिलेली नाही.

तंतू उभा राहतो की पडतो, ही तिसरी बाब. मऊ लव ओली होऊन धडाला चिकटते आणि गुळगुळीत पोट देते. कोरड्या माशीला ते चालतं. पाण्याच्या आत खेळवायच्या माशीला पाय हवेत, कल्ले हवेत, हालचाल हवी. म्हणून इंग्लंडात शेकडो वर्षं सशाचं तोंड आणि कान वापरले गेले. एका तोंडावर किती प्रकारचे केस असतात ते पाहण्यासारखं आहे. कानावर आखूड, काटेरी, काळपट. गालावर ठिपकेदार, लांबट. त्यांच्या बुडाशी निळसर राखी मऊ लव. कानाचे केस एकटे घेतले तर धाग्याला धरतच नाहीत, गळून पडतात. गालाची मऊ लव एकटी घेतली तर धड निर्जीव दिसतं. दोन्ही एकत्र केली की मऊ लव बांधून ठेवते आणि काटेरी केस बाहेर डोकावतात. नंतर सुईने जरा उचकलं की पाय तयार.

हे वाचताना सूतगिरणीतल्या माणसाला ओळखीचं वाटेल. आखूड तंतूचा कापूस एकटा कातला तर सूत तुटतं आणि केसाळ येतं. लांब तंतूचा एकटा परवडत नाही. म्हणून मिक्सिंगमध्ये वेगवेगळ्या गठाणी उघडून थर लावतात, ब्लो रूममध्ये त्या झोडपल्या जातात, कार्डिंगमध्ये तंतू विंचरले जातात, आणि ड्रॉ फ्रेमवर सहा-आठ पेळू एकत्र ओढून एक करतात, पुन्हा एकत्र ओढतात. प्रत्येक ओढीत एका पेळूची उणीव दुसऱ्यात मुरते. माशीच्या लवेचं मिश्रण याच रीतीने, फक्त दोन चिमट्यांत करायचं. दोन प्रकारची लव एकावर एक ठेवा, दोन्ही हातांनी ओढून दुभागा, पुन्हा एकावर एक रचा, पुन्हा ओढा. दहाबारा वेळा केलं की मिश्रण एकजीव होतं. जास्त लव असेल तर ती बरणीत कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून हलवा, चाळणीत ओता आणि वर्तमानपत्रावर पसरून वाळवा. मात्र साबण लोकरीची स्निग्धता काढतो, म्हणून ही रीत पाण्याखालच्या माश्यांसाठीच ठेवा. कॉफी दळायच्या यंत्रातही होतं, पण लांब तंतू आधी सेंटिमीटरभर कापून घ्या, नाहीतर ते पात्याला गुंडाळतात आणि मोटर जळते.

रंग मिसळायचा तोही असाच. तंतू एकमेकांत विरघळत नाहीत. रांगोळीत लाल आणि पिवळी भुकटी चिमटीत एकत्र केली तर लांबून केशरी दिसतं, जवळून मात्र दोन्ही कण वेगळे असतात. त्या केशरीत जी धग असते ती सरळ केशरी रंगात बुडवलेल्या भुकटीत नसते. किड्याच्या पोटाचा रंगही असाच कणाकणांचा असतो. म्हणून तपकिरी धड हवं असेल तर तपकिरी लव उचलू नका. पिवळी, लाल, करडी आणि थोडी हिरवी घ्या आणि ओढत जा.

या विद्येतली सगळ्यात प्रसिद्ध मिसळ डेव्हन परगण्यातल्या टिव्हर्टन गावच्या आर. एस. ऑस्टिन या तंबाखू विक्रेत्याची. 1900 च्या सुमारास त्याने एक माशी बांधली, तिच्यावर ट्राउट तुटून पडू लागले. 'टप्स इंडिस्पेन्सेबल' हे तिचं नाव स्क्यूजने ठेवलं. टप म्हणजे मेंढा. धडातला मुख्य घटक होता मेंढ्याच्या अंडकोशावरची लोकर, मऊ, उजेड घेणारी आणि स्वतःच्या चिकटपणामुळे पाणी न धरणारी. तिच्याबरोबर साईच्या रंगाची सीलची लव, लिंबोणी रंगाच्या स्पॅनियलचे विंचरून निघालेले केस आणि थोडा पिवळा मोहेर. पुढे त्यात किरमिजी सीलही आली. हे मिश्रण ऑस्टिनने मोजक्या मित्रांनाच सांगितलं होतं. 1911 साली तो गेल्यावर त्याच्या मुलीने ती माशी बांधून विकण्याचा व्यवसाय चालवला आणि तिने काम थांबवेपर्यंत, 1934 सालापर्यंत, गुपित जगापासून लपून राहिलं. आता त्या यादीकडे कापसाच्या नजरेने बघा. स्पॅनियलचे मऊ केस बांधणारे, सीलचे केस चमकणारे, मेंढ्याची लोकर पाणी दूर ठेवणारी, मोहेर रंगाला ऊब देणारा. चार घटक आणि चौघांना चार कामं. लोक त्या लोकरीच्या जागेवरच थबकतात, पण खरी हुशारी या वाटणीत आहे.

कृत्रिम तंतूंनी यात मोठी भर घातली ती 1981 साली. अमेरिकेच्या माँटाना राज्यातला गॅरी लाफाँटेन कॅडिसवर मोठं पुस्तक घेऊन आला. त्याच्या गटातले लोक पाणबुड्यांसारखे नदीत उतरून ट्राउट काय खातो ते बघत बसले होते. कॅडिसचा किडा कोश सोडून वर येताना त्याच्या कातडीखाली हवा भरते आणि तो पाऱ्यासारखा चकाकतो, असं त्याने लिहिलं. ती चकाकी आणायला त्याने डुपाँचा अँट्रॉन वापरला, जो मुळात गालिच्यांसाठी केलेला, तीन धारांच्या छेदाचा नायलॉन. त्याच्या माशीचं आतलं धड निम्मा अँट्रॉन आणि निम्मी लव असं होतं. तो तंतू खरोखर हवेचे बुडबुडे किती धरतो यावर नंतर वाद झाले. तीन धारांमुळे उजेड मात्र तो चांगला परततो, हे कुणीही खिडकीपाशी बघू शकतं. माझा अनुभव असा की पाण्याखालच्या माशीत दोन भाग सशाची लव आणि एक भाग असा चकाकता तंतू पुरतो. त्याहून जास्त झाला की धड प्लास्टिकचं दिसतं.

आता आपल्या गावात काय मिळेल? पाळलेल्या सशाची गळालेली लव, लांब केसांच्या कुत्र्याला विंचरून निघालेले केस, घोंगडीच्या दशा, कोट-स्वेटर विणायच्या लोकरीच्या दुकानातला मोहेरचा गुंडा. एवढ्यावर पाण्याखालच्या माश्यांचं निम्मं काम भागतं. घोंगडीचे काळे केस मला विशेष आवडतात, कारण ते काटेरी उभे राहतात. मांजराची पोटाखालची लव कोरड्या, बारीक माशीसाठी उत्तम. मेणासाठी मधमाशीचं मेण, थोडं राळेबरोबर वितळवलेलं.

जंगलाकडे मात्र हात करू नका. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांच्या या जिल्ह्यात रानससा, पाणमांजर, मोर आपल्या डोळ्यांसमोर असतात, म्हणून मोह होतो. रानससा आणि पाणमांजर यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यांची शिकार गुन्हा आहे. मोराच्या पिसाचे लांब हिरवट तंतू जगभर माशीच्या धडाला गुंडाळतात. मोराने आपोआप गाळलेली पिसं देशात बाळगायला मुभा आहे, परदेशी पाठवायला बंदी आहे. परदेशातल्या मित्राने मागितली तरी नाही म्हणा. राखी रानकोंबड्याच्या मानेची ठिपकेदार पिसं इंग्रजांच्या काळात बोटी भरभरून गेली, तोही व्यापार आता बंद आहे. बारीकशा गळासाठी एखादा प्राणी मारावा असं या कलेत काहीच नाही. गळालेलं, विंचरलेलं, उरलेलं एवढ्यावर ती आरामात चालते.

बांधताना सगळ्यात जास्त होणारी चूक शेवटी परत तीच, आजीने टोकलेली. चिमटीत जेवढी लव योग्य वाटते तिच्या निम्मी घ्या. मग तिचीही निम्मी करून बघा. धागा नुसता धुरकट दिसायला हवा, दोरीसारखा नको. वळताना बोटं पुढे-मागे केली तर एका फेरीत घातलेला पीळ दुसऱ्या फेरीत सुटतो आणि धड गळावर गोल फिरतं. शेपटीकडे बारीक, छातीकडे जाड असा उतार धाग्यावरच द्या, गळावर गेल्यावर तो साधता येत नाही.

आणि विकत घेतलेलं असो की घरी ओढलेलं, कोणतंही मिश्रण पाकिटात बघून पसंत करू नका. त्यातली चिमूटभर लव पाण्यात बुडवा, बोटांनी पिळा आणि खिडकीशी, उन्हाकडे तोंड करून, डोळ्यासमोर धरा. शेजारी बशीत खरा किडा असेल तर फारच उत्तम. ओल्या चिमटीच्या कडेला जो रंग उजळून दिसतो तोच माशाला दिसणार आहे. तो पटला तरच धाग्याला मेण लावा.